मुदत मोजायची कुठून?

खरा दावाही मुदतबाह्य म्हणून निकाली निघतो. जमिनीच्या तंट्यात मला ते पटते. पण इजा शरीराला झाली असेल तर? अमेरिकेतल्या ‘डाल्कन शील्ड’च्या खटल्यांचा इतिहास वाचताना या प्रश्नापाशी मी अडखळलो.

आपल्या तांबीसारखे गर्भाशयात बसवायचे हे प्लॅस्टिकचे साधन रिचमंडच्या ए. एच. रॉबिन्स कंपनीने १९७१ पासून विकले. त्याच्या दोऱ्यात, एका वेष्टनाच्या आत, शेकडो बारीक तंतू होते. वातीतून तेल चढावे तसे जंतू त्यातून वर चढत. १९७४ मध्ये अमेरिकेतली विक्री थांबली. पण बसवलेली साधने काढून घ्या, असे कंपनीने जाहिराती देऊन सांगितले ते १९८४ मध्ये. मधल्या दहा वर्षांत कुणाचे ओटीपोट दुखे, कुणाला मूल राहत नसे, आणि कारण ठाऊक नसे. काही राज्यांत मुदत इजेपासून मोजत, काहींत कारण कळल्यापासून. वेळ टळली, हा बचाव कंपनीने अनेक खटल्यांत घेतला. दहा वर्षे गप्प राहिलेल्यांनी तो घ्यावा, हे मला निलाजरेपणाचे वाटते.

ऑगस्ट १९८५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मग न्यायालयाने सगळ्यांसाठी एकच तारीख ठरवली : ३० एप्रिल १९८६. तीन लाखांहून अधिक दावे आले. नंतरची प्रश्नावली भरून न दिल्याने त्यांतले कितीतरी बाद झाले. तारखेनंतर आलेल्या बायका रांगेत शेवटी. वेळेत आलेल्यांचे भागल्यावर उरेल ते त्यांचे.