भट्टी आणि पांढरी माती

इतिहास लिहिणारांची दृष्टि किल्ल्याच्या तटापासून राजवाड्याच्या देवडीपर्यंत फिरते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं मात्र ती थबकते. तथापि मनुष्यानें अग्नि कोठें व कसा कोंडला, हा प्रश्न त्याच्यावर राज्य कोणाचें होतें या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, असें आम्हांस वाटतें. नांदेडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मुदखेड व धर्माबाद यांच्या दरम्यान उमरी हें गांव आहे. १९४८ च्या जानेवारींत तेथील बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनीं घातलेल्या छाप्यामुळें हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांत त्याचें नांव झालें. या मुलखांत भिंती मातीच्या, माळवद मातीचें, चूल मातीची, रांजण मातीचा. मग पाव किंवा नान भाजण्याची मातीची भट्टी तेवढी येथील घरांत कां नसावी? प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण त्याच्या उत्तरांत धान्य, सरपण, समाज आणि माती या चारही गोष्टींचा इतिहास सांठलेला आहे.

भट्टी ही कांहीं नवी वस्तु नव्हे. राजस्थानांतील कालीबंगन येथील उत्खननांत सिंधुसंस्कृतीच्या काळच्या, आजच्या तंदुराची आठवण करून देणाऱ्या मातीच्या भट्ट्या सांपडल्या आहेत. प्राचीन मेसोपोटेमियांतील अक्कडी भाषेंत अशा भट्टीस ‘तिनूरु’ म्हणत. फारसी ‘तनूर’ व आपला ‘तंदूर’ हे त्याच कुळांतील शब्द होत. आपल्याकडे ती दोन दिशांनीं आली. पश्चिमेस १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें, आणि त्यांच्या मागोमाग गव्हाचा पाव, तो भाजणारा पोदेर व त्याची घुमटाकार भट्टी हीं तिकडे रुजलीं. माडाची माडी घालून पीठ फुगविण्याची युक्तीही तिकडचीच. उत्तरेकडून १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें राजधानी देवगिरीस आणली. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरचा, नान-खलिया त्याच्याच लष्कराबरोबर आला अशी दंतकथा आहे. दंतकथेस पुरावा म्हणतां येत नाहीं. परंतु तिच्यांत एक खूण आहे. तंदूर हा लष्कर, शहर आणि बाजार यांच्या आश्रयानें आला व तेथेंच राहिला. निजामाच्या पिवळ्या निशाणावरील पांढरें वर्तुळ म्हणजे कुलचाच, असें हैदराबादेंत सांगत आले आहेत. तो कुलचा निशाणावर चढला, पण मराठवाड्यांतील कुणब्याच्या ताटांत उतरला नाहीं.

यास अडाणीपणा म्हणणारेही कांहीं आहेत. आमचें मत तसें नाहीं. येथील मुख्य धान्य ज्वारी. गव्हाचें पीठ भिजवून मळतांच त्यांत जो चिवट चीक उत्पन्न होतो, तो ज्वारींत नाहीं. त्यामुळें खमिराचा वायु तिच्यांत कोंडून राहत नाहीं, आणि भाकरी फुगते ती केवळ वाफेनें. अशा भाकरीस तापलेला तवा व चुलीपुढचे निखारे पुरतात. दुसरें कारण सरपणाचें. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांवर ज्या घराची चूल चालते, त्यानें एका वेळच्या भाकरीकरितां तास-दोन तास भट्टी तापवावी कशी? पंजाबांतही खेड्यांतील तंदूर पुष्कळदां सामाईक असे. शेजारणी आपापली कणीक घेऊन तेथें जमत. भट्टी ही मुळांतच अनेक घरांची वस्तु आहे.

शिवाय उष्णता कोंडण्याची विद्या येथें नव्हती असेंही नाहीं. रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत ठेवून वर फुफाटा लोटतात. ती राख म्हणजे घटकाभराची भट्टीच होय. कुंभार आवा रचतो तेव्हां भांड्यांवर गवत, खापऱ्या, राख यांचें पांघरूण घालतो, तें याच हेतूनें.

या विद्येचें मर्म असें कीं, मातीच्या अंगीं दोन निरनिराळे गुण आहेत. घट्ट, वाळूमिश्रित माती उष्णता पिऊन सांठविते. भुसकट मिसळलेली पोकळ माती आपल्यांतील हवेच्या बारीक कप्प्यांमुळें उष्णतेस अडविते. चांगल्या भट्टीस आंत सांठविणारा व बाहेर अडविणारा असे दोन्ही थर लागतात. पहिलाच असेल तर सरपण अंगण तापविण्यांत जाईल. दुसराच असेल तर विस्तव ओढतांच भट्टी निवेल.

उमरीसारख्या गांवीं ती बांधावयाची झाल्यास शेतांतील काळी माती घेऊं नये. ती ओलीनें फुगते आणि वाळतांना भेगाळते. गांवठाणाची पांढरी घ्यावी. मुठीएवढा गोळा वाळवून पाहावा; तडकला तर वाळू वाढवावी, भुगा झाला तर माती. दगडी ओट्यावर राखेचा जाड थर देऊन वर भाजक्या विटांची फरशी मांडावी, म्हणजे उष्णता खालीं मुरत नाहीं. त्यावर ओल्या वाळूचा घुमट रचून, ओले कागद पसरून, तीन-चार इंचांचा पहिला थर थापावा, व तो आवळल्यावर दार कापून वाळू काढावी. दाराची उंची घुमटाच्या आंतल्या उंचीच्या शंभरांत त्रेसष्ट भाग असावी, असा क्युबेकमधील जुन्या भट्ट्यांच्या अभ्यासावरून रूढ झालेला नियम आहे. उंच दार उष्णता सांडतें, बुटकें दार धूर कोंडतें. मग भुसकटाच्या चिखलाचा पांच-सहा इंचांचा दुसरा थर, आणि शेवटीं शेणमातीचा लेप. पुष्कळ दिवस सावलींत वाळवून आधीं लहान विस्तव करावा, मग मोठा. ओल एकदम वाफ होऊन सुटली तर घुमट चिरतो. वर छप्पर अवश्य हवें, कारण अशा भट्टीस अग्नीपेक्षां पाऊस अधिक घातक असतो.

मातीच्या जाड थरानें उष्णता अडविण्याचें हेंच तत्त्व येथील माळवदांत होतें. तुळया व किलचणांवर पांढरीचा फूट-दोन फूट थर असे, आणि वैशाखांतही घर गार राही. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत हींच माळवदें व चिखलांत रचलेल्या दगडी भिंती झोंपलेल्या लोकांवर कोसळल्या, आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें मेलीं. तेव्हांपासून मातीचें घर ही भीतीची खूण झाली. ज्यांनीं आपलीं माणसें त्या ढिगाऱ्यांतून काढलीं, त्यांस मातीचें गुणवर्णन ऐकविणें क्रूरपणाचें होईल. तथापि इतिहासानें निवाडा तरी नीट द्यावा. जीव घेतला तो माथ्यावरच्या वजनानें आणि एकमेकांशीं न सांधलेल्या दगडांनीं. उष्णता अडविण्याचा गुण त्यांत अपराधी नव्हता. शिक्षा मात्र सरसकट झाली. पांढरी ओळखणारे, चिखल तुडवून मुरविणारे, भिंती लिंपणारे हात कमी होत गेले. आणि हातांतली विद्या ग्रंथांत उतरली नसली म्हणजे ती हातांबरोबरच जाते.

म्हणून भट्टीचा विषय आम्हांस केवळ पावाचा वाटत नाहीं. कोणाच्याही डोक्यावर भार न ठेवतां मातीचे दोन्ही गुण जेथें कामास येतात, अशी ही जागा आहे. एकट्या घरानें हौसेखातर ती बांधली तर सरपण वायां जाईल. पांच-सात घरांनीं मिळून आठवड्यांतून एकदां पेटविली, तर भर उष्णतेंत पाव, ती उतरतांना रताळीं व भुईमुगाच्या शेंगा, आणि शेवटच्या उबेंत पुढच्या खेपेचें ओलें सरपण, इतकीं कामें एकाच विस्तवावर होतील. ज्वारीची भाकरी तव्यावरच राहील, आणि राहावी. परंतु पांढरी कोणती व काळी कोणती, हें ज्या वृद्धांस बोटांनीं कळतें, त्यांस एखाद्या ओट्यापाशीं बोलावून चिखल तुडविण्यास आतां फार विलंब करतां उपयोगी नाहीं.