वाघ, अनुताई

(१७ मार्च १९१०–२७ सप्टेंबर १९९२). आदिवासी बालशिक्षणातील अग्रणी शिक्षिका. तेराव्या वर्षी लग्न आणि वर्षाच्या आत वैधव्य आले. त्यानंतर शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांच्यासोबत त्यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ मध्ये हे काम डहाणूजवळच्या कोसबाड टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांत आले.

माँटेसोरी शिक्षणपद्धतीची महागडी साधने इथे कुठून आणणार? मग शिंपले, चिंचोके, खडे, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून पाड्यातल्या अंगणातच बालवाडी भरू लागली. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. मोठी मुले गुरे राखायला जात, तर शिक्षक पाटी-पुस्तक घेऊन त्यांच्या मागे कुरणात, हीच ‘कुरणशाळा’. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीला शिकता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणली, ती ‘विकासवाडी’. पुढच्या काळातील कितीतरी सरकारी योजनांपेक्षा ही मांडणी अधिक शहाणपणाची होती.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्यावर कोसबाडची धुरा अनुताईंनी सांभाळली. १९८२ मध्ये शिक्षणतज्ज्ञ रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ‘ग्राममंगल’ ही संस्था स्थापन केली. *कोसबाडच्या टेकडीवरून* हे त्यांचे आत्मकथन. त्यांना पद्मश्री मिळाली.