क्लॅरिनेट (लग्नाच्या बँडमधील)

एकपत्ती सुषिर वाद्य. बँडवाल्यांच्या तोंडी 'क्लॅरनेट'. न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरने 1700 च्या सुमारास ते घडवले. भारतात ते लष्करी बँडांबरोबर आले. तंजावरच्या मराठी दरबारात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळी (1798–1832) युरोपीय वाद्यांचा बँड होता. वर्ध्याला खेटून असलेल्या पिपरी मेघेसारख्या गावांना मात्र हे वाद्य ओळखीचे झाले ते वरातीमुळे.

क्लॅरिनेट म्हणजे विलायती सनई, हा समज चुकीचा आहे. सनईची पत्ती दुहेरी, चाव्या नाहीत. जोर वाढवला की त्याच बोटांवर वरच्या सप्तकातला तोच स्वर येतो. क्लॅरिनेटची नळी आतून सारख्याच व्यासाची असल्याने अंगठ्याची चावी दाबताच 'सा'च्या बोटांवर थेट तार पंचम वाजतो. पट्टी बहुधा बी फ्लॅट, म्हणजे पेटीवरची काळी पाच. मींड चाव्यांवर निघत नाही. ती ओठ सैल सोडून, छिद्रावरून बोट सरकवत काढावी लागते. मे महिन्यातल्या वर्ध्याच्या उन्हात पत्ती लगेच सुकते, म्हणून वरात थांबली तरी वादक ती तोंडात ओलवत असतो.

या वाद्याचे खरे सोयरे म्हणजे गारुड्याची पुंगी, तीही एकपत्तीच. म्हणूनच 'नागीन' (1954) चित्रपटातली धून बँडच्या क्लॅरिनेटवर इतकी शोभते. दातांत रुमाल धरून नवरदेवाचे मित्र रस्त्यावर लोळतात, ती हीच.

योगायोग असा, की त्याच वर्षी पोलंडमध्ये व्हितोल्द लुतोस्लाव्स्की यांनी लोकधुनांवर बेतलेली क्लॅरिनेट आणि पियानोची पाच छोटी नृत्ये, 'डान्स प्रिल्यूड्स', लिहिली. त्यांत काही ठिकाणी दोन वाद्ये वेगवेगळ्या मात्रांत चालतात. लोकसंगीताला आपला हा निरोप, असे ते म्हणत. तिकडे गावची धून कागदावर चढली. आपल्याकडे पडद्यावरची धून कागदाविना रस्त्यावर उतरली आणि लोकांचीच होऊन बसली.

गंमत म्हणजे, 'नागीन'मधली ती पुंगी खरी नव्हतीच. हेमंतकुमारांच्या संगीतासाठी कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलीन या विजेवरच्या कीबोर्डवर वाजवली होती. आता विदर्भातल्या वरातींत बँडच्या जागी धुमाल ही गाडीवरची वाद्यमंडळी येते. तिच्या गाडीवर पॅड असतात, कीबोर्ड असतो, क्लॅरिनेट नसते. नागीन मात्र वाजतेच, पुन्हा कीबोर्डवर.