मेळघाट

मेळघाट हा महाराष्ट्राच्या अमरावती जिल्ह्यातील, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत वसलेला वनप्रदेश आहे. धारणी व चिखलदरा हे तालुके त्यात येतात.

भूगोल
वैराट (१,१७८ मी.) हे येथील सर्वोच्च शिखर होय. सिपना, गडगा, खंडू, खापरा व डोलार या नद्या तापीच्या खोऱ्यातील आहेत. वनांत सागाचे प्राबल्य आहे.

इतिहास
बहमनीकालीन गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला.

लोकजीवन
कोरकू हा येथील प्रमुख समाज असून त्यांची भाषा मुंडा कुळातील आहे. पावसाळ्यात दुर्गम गावांचा संपर्क तुटतो व उपचारांस विलंब होतो. १९९०च्या दशकात येथील बालमृत्यूंमुळे कुपोषणाचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. तो अद्याप सुटलेला नाही.