कॅव्हान्साइट: वाघोलीचा निळा दगड कसा ओळखावा

पुण्याला नातेवाइकांकडे गेलेले आपल्या इंदूरच्या मंडळातले कोणी ना कोणी परतताना पांढऱ्या दगडावर उमललेले निळे फूल घेऊन येतात आणि विचारतात, "हे खरे आहे का?" त्यांच्यासाठी ही माहिती.

कॅव्हान्साइट हे कॅल्शियम व व्हॅनेडियमचे सिलिकेट असून त्याच्या रचनेत पाणीही असते. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट यांची आद्याक्षरे जोडून हे नाव १९७३ साली रूढ झाले. ते प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सापडले. परंतु जगभरातील संग्राहक ज्यासाठी धडपडतात ते नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले आहेत. तिथला बहुतेक दगड खडी होऊन रस्त्याखाली जातो. वेळेवर ओळखला गेला तेवढाच नमुना वाचतो.

आधी जागा पाहावी. काळ्या पाषाणातल्या पोकळीत पांढरा वा फिकट स्टिल्बाइट असतो आणि त्यावर गडद निळे, बारीक सुयांचे गोल झुबके बसलेले असतात. आपल्या माळव्यातला काळा दगडही त्याच दख्खनच्या लाव्हाचा आहे. पण त्यातला हिरवट-निळसर लेप बहुधा सेलाडोनाइटचा असतो. लेपाला भुलू नये, स्फटिक पाहावेत.

अझुराइटही असाच निळा असतो, मात्र ते तांब्याचे खनिज असल्याने हाताला बरेच जड लागते. कॅव्हान्साइटचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.३, अझुराइटचे ३.८ च्या जवळ. अझुराइट सौम्य आम्लाने फसफसतो हे खरे, पण कॅव्हान्साइटच्या शेजारी कॅल्साइट असेल तर तोही फसफसतो. त्यामुळे या परीक्षेवर एकट्यावर विसंबू नये. ओरखडा तर काढूच नये. कठिणता जेमतेम ३ ते ४, शिवाय स्फटिक सहज फुटतात. मी एकदा चाकू लावून चांगला झुबका घालवला आहे.

खरी अडचण पेंटागोनाइटची. रासायनिक घटक तेच, मांडणी वेगळी. त्याचे स्फटिक चपटे, टोकदार आणि सुटे सुटे दिसतात. जुळे स्फटिक टोकाकडून पाहिल्यास पाच पाकळ्यांची चांदणी दिसते. कॅव्हान्साइटचा झुबका दाट आणि गोलसर असतो. दहापट भिंगातून एवढे बहुधा कळते. खात्री हवी असल्यास प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणीच करावी लागते.

विकत घेताना मात्र भिंग झुबक्याच्या बुडाशी लावावे. निळा झुबका दुसऱ्याच दगडावर चिकटवून विकण्याचे प्रकार होतात. बुडाशी गोंदाची चकाकी किंवा बुडबुडे दिसतात, आणि स्टिल्बाइटचे स्फटिक झुबक्यात शिरल्यासारखे न दिसता त्याच्याखाली नुसतेच दबलेले दिसतात. बँकेत नोटा तपासताना आम्हीही आधी कडाच पाहत असू.

खाणीत सुरुंग लावतात. मालकाच्या परवानगीशिवाय आत जाऊ नये, आणि नमुना मिळाल्यास त्यावर गावाचे, खाणीचे नाव व तारीख लिहून ठेवावी. ठिकाणाची नोंद नसलेल्या नमुन्याची अभ्यासकाला फारशी किंमत नसते.