पहिल्या धारेची गोष्ट

‘पहिल्या धारेची’ हा शब्द आपण शिवीसारखा ऐकतो, पण मुळात तो चाखणाऱ्यांचा आहे. वाळलेली मोहफुलं भिजवून काही दिवस आंबवायची, मडकं चुलीवर चढवून वाफ थंड करायची. आधी पडते ती पहिली धार, सगळ्यांत कडक. पुढची पाणचट होत जाते.

इंग्रजांना यात महसूल दिसला. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा आला. गावच्या भट्ट्या चोरट्या ठरल्या. १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यात फुलं वेचण्या-साठवण्यावरच बंधनं आली. गरिबाचं उन्हाळ्यातलं अन्न ते, आणि पहाटे वेचणाऱ्या बहुतेक बायाच! गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या राज्यात मोहफुलांवरचे निर्बंध उठायला २०२१ उजाडलं.

खापरखेड्यात आमच्या गटानं मोहाचे लाडू करायचं ठरवलं, तेव्हा एक ताई उठून बाहेर गेल्या. त्या वासानं त्यांना नवऱ्याचा मार आठवतो. दुसरी म्हणाली, माझी आजी याच फुलांवर जगली.

लाडू झाले. ताईंनी वळू लागले, खाल्ला मात्र एकही नाही.