ट्रॅक्टर-एंजिनाची पुनर्बांधणी

शेतीच्या ट्रॅक्टरच्या एंजिनातील झिजलेले भाग काढून त्यांच्या जागी नवे भाग बसविणे व एंजिन पुन्हा मूळच्या शक्तीस आणणे, या क्रियेस पुनर्बांधणी म्हणतात. कारागिरांच्या बोलीत याच कामास ‘इंजिन खोलणे’ व ‘इंजिन बांधणे’ असे शब्द आहेत. शेतातील काम धुळीत आणि दीर्घकाळ मोठ्या भाराखाली चालते. त्यामुळे सिलिंडराची भिंत, दट्ट्या म्हणजे पिस्टन व त्यावरील कड्या, भुजादंडाचे धारवे आणि झडपा हे भाग प्रथम झिजतात. उरलेले बिडाचे वजनदार अंग मात्र अनेक दशके टिकते. झिजणारा भाग टिकणाऱ्या अंगापासून कितपत वेगळा करता येतो, यावर ट्रॅक्टरचे आयुष्य आणि तो बंद पडल्यावर शेतकऱ्याला इतरांवर किती अवलंबून राहावे लागेल, ही दोन्ही ठरत आली आहेत.

प्रारंभीची रचना : अमेरिकेत १९१७ मध्ये मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालेल्या ‘फोर्डसन एफ’ या ट्रॅक्टरला स्वतंत्र चौकट नव्हती, एंजिन, दंतचक्रपेटी व मागील आसाची पेटी बोल्टांनी जोडून त्यांचाच सांगाडा केलेला होता. त्यामुळे किंमत उतरली व ट्रॅक्टर सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आला. परंतु सिलिंडर बिडाच्या ठोकळ्यातच कातलेले असत. इंधन म्हणून वापरलेल्या केरोसिनाचा न जळालेला अंश भिंतीवरील तेल धुऊन काढी व तेलपात्रात उतरून तेथील तेल पातळ करी, त्यामुळे झीज लवकर होई. अशा वेळी ठोकळा यंत्रशाळेत नेऊन सिलिंडर कातून मोठा करावा लागे व त्यात वाढीव मापाचे दट्ट्ये बसवावे लागत. हा उपाय थोड्याच वेळा करता येई, कारण दर वेळी भिंत पातळ होत जाई. धारव्यांतील बॅबिट ही कथिलप्रधान मिश्रधातू वितळवून जागेवरच ओतावी लागे व नंतर ती हाताने खरवडून भुजादंडाशी जुळवावी लागे. हे कुशल कारागिराचे काम होते.

सिलिंडराचे अस्तर : ही अडचण दूर करणारी कल्पना म्हणजे ठोकळ्यात स्वतंत्र नळी बसविणे. तिला अस्तर किंवा रूढ शब्दात लायनर म्हणतात. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘मॅक्‌कॉर्मिक-डीअरिंग १५-३०’ या ट्रॅक्टरमध्ये बदलता येणारी अस्तरे होती. शिवाय त्याच्या भुजादंडाला गोळ्यांचे धारवे असून भुजादंड व हे धारवे यांची कंपनीने कायमची हमी दिली होती.

अस्तराचे दोन प्रकार आहेत. कोरडे अस्तर ठोकळ्यातील छिद्रात घट्ट बसते व त्याचा पाण्याशी संबंध येत नाही. १९३९ मध्ये आलेल्या ‘फोर्ड ९एन’ या ट्रॅक्टरमध्ये अशी पातळ पोलादी अस्तरे होती. ओले अस्तर बाहेरून थेट शीतनाच्या पाण्याने वेढलेले असते व फक्त वरच्या व खालच्या कडेशी टेकलेले असते. म्हणून ते काढणे सोपे, पण ते पाणीबंद बसविणे अधिक काळजीचे असते.

ओल्या अस्तराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘फर्ग्युसन टीई-२०’ हा ब्रिटिश ट्रॅक्टर होय. हॅरी फर्ग्युसन यांच्या आराखड्यानुसार स्टँडर्ड मोटर कंपनीने कॉव्हेंट्री येथील बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार केले. आरंभी त्यांत अमेरिकेतून आणलेले कॉन्टिनेंटल एंजिन असे. पुढे स्टँडर्ड कंपनीचे चार सिलिंडरांचे एंजिन बसविण्यात येऊ लागले. त्याची धाव ९२ मिमी. व सिलिंडराचा व्यास ८० मिमी. म्हणजे घनफळ सु. १,८५० घ. सेंमी. होते. नंतर व्यास ८५ मिमी. करण्यात आला व घनफळ सु. २,०८८ घ. सेंमी. झाले. याच एंजिनाच्या ८३ मिमी. व्यासाच्या प्रकारावर १९५३ मध्ये ‘ट्रायंफ टीआर-२’ ही वेगवान मोटारगाडी धावू लागली. एकाच मूळ रचनेतून इतकी मापे निघू शकली, ती मुख्यतः वेगळ्या अस्तरामुळे.

उकल व जुळणी : या ट्रॅक्टरमध्ये पुढचा आस एंजिनावरच आधारलेला असल्याने भुजादंड काढावयाचा झाल्यास ट्रॅक्टर मधोमध विलग करावा लागतो. दट्ट्ये व अस्तरे मात्र एंजिन जागेवर ठेवून बदलता येतात. पाणी व तेल काढून टाकल्यावर शीर्ष उतरवितात, नंतर तेलपात्र काढून संयोगदांड्यांच्या टोप्या सोडवितात आणि दट्ट्ये वरच्या बाजूने बाहेर ढकलतात. प्रत्येक टोपी तिच्याच दांड्याला व त्याच दिशेने परत बसली पाहिजे, म्हणून आधी खुणा करून ठेवणे आवश्यक असते. अस्तरे खालून लाकडी ठोकळ्याने ठोकून किंवा ओढणीने वर काढतात. ती बदलावयाची नसतील, तर शीर्ष उतरविल्यावर अस्तरे दाबून धरल्याशिवाय भुजादंड फिरवू नये; दट्ट्याबरोबर अस्तर उचलले जाते आणि खालचा पाणीबंद सांधा सुटतो.

नवे अस्तर बसविण्यापूर्वी ठोकळ्यातील गाळ व गंज खरवडून टेकण स्वच्छ करतात. लगतच्या दोन अस्तरांखाली मिळून इंग्रजी आठाच्या आकाराचे एक गॅस्केट असते. अस्तराची वरची कड ठोकळ्याच्या पृष्ठाहून सु. ०·०७५ ते ०·१२५ मिमी. वर राहावी लागते. शीर्ष आवळल्यावर हीच उंची अस्तराला टेकणावर दाबून धरते. उंची कमी पडल्यास पाणी तेलपात्रात झिरपते, तेल दुधाळ होते आणि नवे धारवेही थोड्याच काळात निकामी होतात. शीर्षाचे नट मधून बाहेरच्या बाजूस, ठरलेल्या क्रमाने व टप्प्याटप्प्याने आवळतात. नंतर एंजिन काही काळ हलक्या भारावर चालवून नट पुन्हा तपासतात.

जतन व दुरुस्तीचा हक्क : उत्पादन थांबून अनेक दशके लोटली, तरी या ट्रॅक्टरची अस्तरे, दट्ट्ये व गॅस्केटे स्वतंत्र उत्पादकांकडून मिळत राहिली, म्हणून असंख्य ट्रॅक्टर चालू स्थितीत टिकले. त्यातून जतनाचा एक पेचही निर्माण झाला. भाग बदलत गेल्यास यंत्र चालते, पण मूळच्या घडणीचा व वापराचा पुरावा नाहीसा होतो. म्हणून बदललेल्या भागांची नोंद ठेवणे व काढलेले भाग जपणे हा जतनाचा चांगला पायंडा मानला जातो.

नव्या ट्रॅक्टरांत नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाल्यावर अडचणीचे स्वरूप पालटले. भाग सुटा करता येत असला, तरी बिघाड ओळखण्याची साधने व आज्ञावली उत्पादकाच्या हाती राहू लागली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीच्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी लागणारे भाग, साधने व माहिती शेतकऱ्यास उपलब्ध करून देण्याचे बंधन उत्पादकांवर घालणारा कायदा केला.

भारतात ट्रॅक्टर-उत्पादनाचा पाया या दोन्ही परंपरांशी जोडलेला आहे. फर्ग्युसन यांचा उद्योग १९५३ मध्ये मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन झाला व त्यातून पुढे आलेल्या मॅसी-फर्ग्युसनच्या सहकार्याने १९६० मध्ये मद्रास येथे ‘ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट’ ही कंपनी निघाली. तर १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहभागाने मुंबईत महिंद्र उद्योगसमूहाचे ट्रॅक्टर-उत्पादन सुरू झाले. पेरणीच्या तोंडावर बंद पडलेला ट्रॅक्टर जवळच्याच गावात उघडून बांधता येणे, हे येथील शेतकऱ्याच्या दृष्टीनेही अश्वशक्तीइतकेच महत्त्वाचे ठरले आहे.